अडतीस नंबरचा खडा

१

सकाळी साडेआठला मी प्रयोगशाळेचं मागचं दार उघडायची आणि आधी नुसती उभी राहायची. कान द्यायची. टाक्यांतली बुडबुड एकसारखी चालू असली की निर्धास्त. मध्येच अडखळत असली तर कुठली तरी हवेची नळी तुंबलेली. मग पाण्याची उष्णता पाटीवर लिहायची, रात्रीतून मेलेले मासे जाळीने काढायचे, आणि विद्यार्थ्यांनी नुसत्याच विसळून ठेवलेल्या बाटल्या परत नीट धुवायच्या.

मी सातवी शिकलेली. आमचे हे तिथल्या बोटीच्या इंजिनावर. त्यांनीच सांगितलं, "वर्षभराचं काम आहे. नवीन मॅडम आल्यात, पाच पोरांना शिकवणार, स्वतःचं संशोधन करणार आणि जाणार. तू ये. घरी बसून पोरीचा श्वास मोजण्यापेक्षा बाटल्या मोज."

खोटं नव्हतं ते. मुंगी तेव्हा पाच महिन्यांची होती. जन्मली ती इतकी बारकी की सासूबाई म्हणाल्या, "मूल आहे की मुंगी?" आणि तेच नाव चिकटलं. एकतिसाव्या दिवशी दूध श्वासात जाऊन ती निळी पडली. सासूबाईंनी पालथी धरून पाठीत चार थापा मारल्या, तेव्हा रडली. ती रडली आणि माझी झोप गेली.

"अगं, पोरं अशीच वाढतात," सासूबाई म्हणायच्या. "तुझा नवरा दोनदा पिंपात पडलाय."

"म्हणून असा झालाय का?"

"असा कसा का असेना, जगला ना! जा तू कामाला. मी काय पोर खाणार आहे?"

२

मॅडम चाळिशी ओलांडलेल्या. एकट्याच राहायच्या, मोजकं बोलायच्या. डबा उघडला की आधी खिडकीतून समुद्राकडे बघायच्या आणि मग जेवायच्या, जणू कुणाची तरी परवानगी हवी.

एकदा बोटीवरची बारीक जाळी फाटली. समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव धरायची ती, मलमलीहून तलम. नवीन यायला दोन महिने लागणार होते. मी जेवणाच्या सुट्टीत ती शिवून ठेवली. मॅडमनी माझी शिवण भिंगाखाली धरली आणि म्हणाल्या, "एका सेंटिमीटरला बावीस टाके. सगळे सारखे. तुझे डोळे मला दे."

मी घाबरले. मग कळलं की काम द्यायचं म्हणतायत.

माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, साखरेच्या दाण्याएवढा खडा असतो. त्यावर रोज एक थर चढतो. मॅडम फळ्यावर गोलात गोल काढून मुलांना सांगत होत्या, मी मागे उभी राहून ऐकत होते. "झाडाला वर्षाचं वलय, ह्या पिल्लांना दिवसाचं. दिवस बरा गेला तर वलय फिकट आणि रुंद. वाईट गेला, म्हणजे पाणी तापलं, खायला मिळालं नाही, मोठा मासा मागे लागला, तर काळी रेघ. खाडीतल्या पिल्लांचे वाईट दिवस कोणते, ते आपल्याला शोधायचंय."

खडा गरम डिंकाने काचपट्टीवर चिकटवायचा. ओल्या पॉलिश पेपरवर बोटाच्या टोकाने घासायचा, मधला ठिपका उघडा पडेपर्यंत. "जास्त घासलं की दिवस जातात," मॅडम म्हणायच्या. "गेलेला दिवस परत लावता येत नाही." मग तेलाचा थेंब टाकायचा, मायक्रोस्कोपखाली ठेवायचा आणि मोजायचं. डोळा काचेला, अंगठा मोजायच्या यंत्रावर. प्रत्येक वलयाला एक टक्.

एक खडा दोघींनी मोजायचा. एकमेकींना विचारायचं नाही. आकडा चिठ्ठीवर लिहून, घडी करून बरणीत टाकायचा, आणि शनिवारी मॅडम चिठ्ठ्या उघडणार. चारपाचाचा फरक चालतो. जास्त पडला तर मॅडम स्वतः तिसऱ्यांदा मोजणार. माझी जोडीदार होती पाचांतली चष्मावाली मुलगी.

घरी सांगितलं तर सासूबाई हसून हसून लाल. "माशाच्या कानाला खडा? त्याने कशाची शपथ घेतली म्हणे? परत जाळ्यात जाणार नाही म्हणून?"

३

मोजायची खोली लांब दालनाच्या टोकाला होती. एक खिडकी, तिला काळा कागद. एक टेबल, दोन स्टूल. दार लोटलं की टाक्यांची बुडबुड लांब जायची आणि फक्त टक्, टक्, टक्.

अडतीस नंबरची पट्टी माझ्याकडे आली तेव्हा मी बरीच सरावले होते. खडा इतरांसारखाच. मोजला, दोनशे तीन. चिठ्ठी टाकली.

शनिवारी मॅडमनी दोन्ही चिठ्ठ्या समोर धरल्या. चष्मावालीचा आकडा होता एकशे अठरा.

"पंच्याऐंशीचा फरक?" चष्मावाली म्हणाली. "ताई, तुम्ही दुसराच मासा मोजलात का? की एकाला दोन दोन टक्?"

"तुझ्या चष्म्याची काच पूस आधी," मी म्हटलं. पण कानशिलं तापली होती. माझी आजवर एकदाही चूक निघाली नव्हती.

"दोघींनी परत मोजा," मॅडम म्हणाल्या. "घाई नाही."

तिने परत मोजला, एकशे अठरा. मी मोजला, दोनशे सात.

मीच माझ्याशी जुळत नव्हते. आधी दोनशे तीन, आता दोनशे सात, आणि मध्ये गेले होते चार दिवस. त्या वेळी हे डोक्यात आलं नाही. वाटलं, रात्री मुंगीमुळे झोप होत नाही, डोळे थकलेत.

४

मुंगीला लस द्यायची होती. कार्डावर तारीख बघून ह्यांनी विचारलं, "किती महिन्यांची झाली गं बरोब्बर?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजायला लागले. महिने नाही, दिवस. सवयच लागली होती. अंगठा आपोआप हलत होता. दोनशे नऊ झाले.

म्हणजे परवा दोनशे सात. आणि शनिवारच्या आधी, चिठ्ठी टाकली त्या दिवशी, दोनशे तीन.

मी हसले. माणसाच्या डोक्यात जे असतं तेच डोळ्यांना दिसतं. गरोदर होते तेव्हा रस्त्यात सगळ्या पोटुशाच दिसायच्या. तसंच हे. डोक्यात पोरीचे दिवस, म्हणून खड्यात पोरीचे दिवस. दुसऱ्या दिवशी मनाची खात्री करायला पट्टी लावली आणि शेवटचा आकडा काढायचाच नाही असं ठरवलं. फक्त काळ्या रेघा बघायच्या. त्यात माझं डोकं काय करणार?

पहिली रेघ मधल्या ठिपक्याभोवती. ती प्रत्येक माशात असते, जन्माची.

दुसरी एकतिसाव्यावर. जाड.

नंतर बराच वेळ फिकट वलयं, एकापुढे एक, जशी शांत दुपार. मग शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, तीन काळ्या लागोपाठ. मुंगीला तीन दिवस ताप होता. कोणत्या तारखेला ते मला पाठ होतं.

मी पट्टी काढली, तेल पुसलं, पेटीत ठेवली. बाहेर जाऊन सगळ्या धुतलेल्या बाटल्या परत धुतल्या.

कुणाला सांगणार? ह्यांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, काम सोड. आणि काम सोडलं असतं तर पट्टी तिथेच राहिली असती, माझ्याशिवाय.

५

ज्या दिवशी कडेचं नवं वलय सकाळीच काळं दिसलं, त्या दिवशी मुंगी दोनशे चौतीस दिवसांची होती. दिवस तर अजून जायचा होता. घरून निघाले तेव्हा ती सासूबाईंच्या नाकावर थुंकून खिदळत होती.

मी कामाला लागले. मनात म्हटलं, तेलात धूळ असेल. मग म्हटलं, डिंकाचा डाग असेल. अकरा वाजेपर्यंत दोन बाटल्या फुटल्या माझ्या हातून. शेवटी मॅडमना "पोटात दुखतंय" सांगून घरी पळाले.

मुंगी बसली होती खाली अंथरुणावर, गुपचूप. गुपचूप म्हणजे जरा जास्तच. तोंड मिटलेलं आणि डोळे मोठे. मी बोट घातलं आणि गालाच्या आतून शर्टाचं बटण काढलं.

"अगबाई!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आत्ता, आत्ता वळले होते मी दूध बघायला. तुला कसं कळलं गं?"

"पोटात दुखत होतं," मी म्हटलं.

"तुझ्या पोटाचं देव भलं करो."

संध्याकाळी ह्यांनी सगळ्या शर्टांची बटणं ओढून ओढून बघितली. मी मुंगीला मांडीवर घेऊन बसले होते, तिच्या टाळूला नाक लावून. तेलाचा, दुधाचा, उन्हाचा वास. मला वाटलं, कुणीतरी माझ्यासारखंच, झोप नसलेलं, हिचा एकेक दिवस लिहून ठेवतंय. तेव्हा भीतीसुद्धा वाटली नाही. सोबत वाटली.

६

मग रोज. दार उघडायचं, बुडबुड ऐकायची, आणि बाकी काही करायच्या आधी अडतीस नंबर. वलय फिकट असेल तर दिवसभर गुणगुणत काम करायची. काळं असेल तर काहीतरी कारण सांगून घरी. पुढच्या सात-आठ महिन्यांत सहादा काळं निघालं. एकदा पायरी, एकदा गरम पाण्याचं भांडं, एकदा नुसती सर्दी. प्रत्येक वेळी मी तिथे होते.

सुट्टीच्या दिवशीसुद्धा किल्ली घेऊन जायची.

"प्रयोगशाळेत दुसरा नवरा ठेवलायस का?" ह्यांनी एकदा विचारलं. हसत विचारलं, पण पुरतं हसत नव्हते.

"ठेवलाय. साखरेच्या दाण्याएवढा आहे."

"मग काळजी नाही," ते म्हणाले. पण थोड्या वेळाने, मुंगीच्या पायात मोजे घालता घालता, खाली बघूनच बोलले, "पूर्वी तू पोरीकडे बघायचीस. आता तिच्याकडे बघत नाहीस. कुठेतरी बघून येतेस आणि मग तिच्याकडे बघतेस."

मुंगीने तेवढ्यात मोजा काढून तोंडात घातला.

७

वर्ष संपत आलं. विद्यार्थी प्रबंध लिहायला बसले, मॅडमनी पेट्या आवरायला घेतल्या. मोजलेल्या पट्ट्या एका मोठ्या संस्थेत जाणार होत्या. तिथलं यंत्र खड्याला बारीक भोकं पाडतं आणि कोणत्या दिवशी पाण्यात काय होतं ते सांगतं.

"अडतीस नंबर अजून लटकलाय," चष्मावाली म्हणाली. "माझा एकशे अठरा. ताईंनी तर तिसरी चिठ्ठीच टाकली नाही."

"मी मोजते," मॅडम म्हणाल्या.

मी बाटल्या पुसत दाराशी उभी राहिले. आतून टक्, टक् ऐकू येत होतं. मी मनात मोजत होते. सकाळी माझे झाले होते चारशे सहासष्ट. मॅडमचा अंगठा त्रेपन्नावर थांबला.

बराच वेळ आवाज नाही. मग परत पहिल्यापासून. त्रेपन्न.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा झाला होता. मुलं गेल्यावर मला आत बोलावलं आणि दार लोटलं.

"तुझा आकडा काय येतो? खरं सांग."

"चारशे सहासष्ट."

"तुझी मुलगी किती दिवसांची?"

"तेवढ्याच," मी म्हटलं.

"माझा त्रेपन्न दिवसांचा होता," मॅडम म्हणाल्या. "एकोणीस वर्षं झाली. इथे कुणाला माहीत नाही. शेवटच्या चार रेघा काळ्या आहेत, बघ तू. नाही, तुला नाही दिसणार."

मी त्यांचा हात धरला. मोठ्या शिकलेल्या बाईचा हात धरायची माझी काय लायकी, असं एरवी वाटलं असतं. तेव्हा वाटलं नाही. बोटं बर्फासारखी होती. मी ती माझ्या दोन्ही हातांत धरून चोळत बसले, बाळाचे पाय चोळतो तशी.

चष्मावालीला एकशे अठरा दिसायचे, कारण तिला मूल नव्हतं. तिला नुसता मासा दिसायचा.

अडतीस नंबर पेटीत गेला नाही. मॅडमनी वहीत लिहिलं, "खडा बाद."

८

मग आम्ही दोघी बघायला लागलो. साडेआठला मी. दहाला मॅडम यायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि त्रेपन्न वलयं बघायच्या. मोजायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. बाहेर आल्या की डोळे ओले आणि तोंड हसरं. मला सांगायच्या, "एकोणिसावा दिवस किती रुंद आहे गं. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा माझं बोट धरलं होतं."

मी म्हणायची, "मुंगीने माझे केस धरले होते. मूठभर उपटले."

अशी आमची बोलणी. आजूबाजूला मुलं टाक्या रिकाम्या करत असायची, आणि आम्ही दोघी खिडकीशी चहा पीत त्रेपन्न दिवसांच्या बाळाबद्दल बोलायचो, जसं काही ते शेजारच्या खोलीत झोपलंय.

एके दिवशी मुंगीने निघताना माझा पाय सोडला नाही. खेळवून, फसवून, शेवटी सासूबाईंच्या हाती देऊन निघाले, तर अकरा वाजले. खोलीचं दार बंद होतं. मॅडम आधीच बसल्या होत्या. डोळा काचेवरून न काढता म्हणाल्या, "चोपन्न."

"काय?"

"चोपन्न आहेत. नीट मोजलेत. नवं वलय आहे, फिकट. रुंद." त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "त्याचा एक दिवस वाढलाय."

मी त्यांना बाजूला करून डोळा लावला. मला दिसले कालचेच. आजचं वलय नव्हतं. काल जिथे कड होती तिथेच कड होती, आणि पलीकडे नुसता उजेड.

९

घरी पोचले तेव्हा सासूबाई दारातच बसल्या होत्या, खुशीत.

"आज काय गुणी झालीय पोर! तू गेलीस आणि जी झोपली ती अजून हूं नाही की चूं नाही."

"दूध?"

"मागितलंच नाही."

"ओलं केलं?"

आता सासूबाईंचं हसू उतरलं. "नाही गं. कोरडी आहे सकाळपासून."

मुंगी झोळीत होती. अंग गरम, गाल लाल, छाती वरखाली होत होती, पण फार सावकाश, खोल पाण्यात असल्यासारखी. हाक मारली, पायांना गुदगुल्या केल्या, गालावर पाणी शिंपडलं. हे आले, तिला उचलून डॉक्टरांकडे धावले. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "झोपलीय. चांगली झोपलीय. झोपू द्या."

आम्ही तिघं तिच्याभोवती बसून राहिलो. उजाडलं तशी मुंगीने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून दोन्ही हात पुढे केले. काल निघताना मी तिच्या मुठीत भाकरीचा तुकडा दिला होता आणि मग फसवून काढून घेतला होता. तो मागत होती. रागावून, आत्ताच काढून घेतल्यासारखा.

तिच्या लेखी मधे दिवस गेलाच नव्हता.

त्या सकाळी मी पळत प्रयोगशाळेत गेले आणि आधी डोळा लावला. नवं वलय होतं. मॅडम आल्या, त्यांनी बघितलं. चोपन्नच. आम्ही एकमेकींकडे बघितलं. सांगायची गरज उरली नाही. दिवस रोज एकच येत होता. कुणी पाहिलंच नाही तर तो आपसूक मुंगीकडे जायचा. पण मॅडमनी आधी पाहिलं, तर नाही.

"मी परत बघणार नाही," मॅडम म्हणाल्या. पट्टी त्यांनीच उचलून माझ्या हातात दिली.

१०

शब्द पाळला त्यांनी. अकरा दिवस त्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. फळ्यावर आकृत्या काढायच्या आणि मधेच थांबायच्या. टाक्या रिकाम्या झाल्या. बुडबुड एकेक करून बंद झाली, शेवटी एकाच टाकीची राहिली. चष्मावाली जाताना मला मिठी मारून गेली, "ताई, त्या अडतिसाचं काय झालं शेवटी?" म्हणून विचारलं तिने. मी म्हटलं, "बाद."

शेवटच्या आदल्या दिवशी आम्ही दोघीच होतो. मॅडम रिकाम्या टाकीच्या काठावर बसल्या होत्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "रागावू नकोस. मी पट्टी मागत नाहीये. पण तो चोपन्नावा दिवस. मला माहीतच नव्हतं गं. मी काचेला डोळा लावून बसले होते, नंतर दिवसभर तुझी वाट बघत होते. तो दिवस त्याचा होता, तर तो कुठे होता? त्याला कुणी घेतलं? दूध कुणी दिलं?" त्यांनी ओंजळीत तोंड झाकलं. "पूर्ण दिवस तो एकटा होता. दोन महिन्यांचं पोर."

मी घरी गेले. मुंगीला जेवू घातलं, न्हाऊ घातलं, पायांना तेल लावलं. सासूबाई म्हणाल्या, "आज एवढं काय कौतुक?" माझी पोर झोपली होती त्या दिवशी तिच्याभोवती तीन माणसं होती. त्या पोराभोवती एकही नव्हतं. ते मला गिळवत नव्हतं.

आणि तरी रात्रभर मी मनात म्हणत होते, तुझं ते नाही, तुझी ही आहे. बाई, वेडी होऊ नकोस.

११

सकाळी मी मुंगीला घेऊनच गेले. पट्टी रुमालातून काढून मॅडमच्या हातात ठेवली. मी बघितली नव्हती.

"एक दिवस," मी म्हटलं. "ह्या वेळी सांगून देतेय. तयार राहा."

मॅडम पट्टी घेऊन आत गेल्या. दार लोटलं. मी बाहेर भिंतीला पाठ लावून बसले, मुंगी मांडीवर. ती माझ्या बांगडीशी खेळत होती. आतून टक् टक् सुरू झालं, पंचावन्नापर्यंत गेलं, आणि मुंगीची बोटं बांगडीवरून सुटली.

मी तिला छातीशी घट्ट धरलं. गरम होती. श्वास होता. मी तिला गोष्ट सांगत राहिले, तिने ऐकली नसली तरी. उरलेल्या एका टाकीची बुडबुड चालू होती. दुपारी कधीतरी ती मला ऐकू येईनाशी झाली, आणि त्याच सुमाराला माझी मांडी हलकी वाटायला लागली.

मुंगी चांगली साडेनऊ किलोची होती, पाय बधिर करायची. आता मांडीवर जे होतं ते चारपाच किलोचं असेल. मी खाली बघितलं नाही. डोळे समोरच्या रिकाम्या टाकीवर ठेवले आणि हाताखालची पाठ थोपटत राहिले. हाताला ती पाठ लहान लागत होती.

दारापलीकडून स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग मॅडमचा आवाज. फळ्यासमोरचा नव्हे, मी कधीच न ऐकलेला. "अरे अरे अरे. कोण आलं? कोण आलं ते?" आणि मग दुसरा आवाज. घशातल्या घशात, ओला, बारीक. ज्या बाईने दोन महिन्यांचं मूल मांडीवर घेतलंय तिला तो आवाज सांगावा लागत नाही.

दाराला फट होती. मी बघितलं नाही. बघितलं असतं तर, मला वाटतं, मांडीवरचं उरलेलं वजनही गेलं असतं.

ऊन खिडकीवरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून जमिनीवर. आत त्या बोलत होत्या, न थांबता, एकोणीस वर्षांचं. मग आवाज थकत थकत थांबला. माझ्या मांडीवर हळूहळू भार आला, पाय मुंग्यांनी भरले, आणि मी इतकी रडले की मुंगीचे केस भिजले.

दार उघडलं. मॅडमच्या उजव्या खांद्यावर दुधाच्या गुळणीचा ओला डाग होता. त्यांनी तो पुसला नव्हता.

"हसला," एवढंच म्हणाल्या.

मग पट्टी कापसात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली, वरून दोनदा दाबली. "तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस. पाया पडले तरी देऊ नकोस."

मुंगी दुसऱ्या दिवशी उजाडता उठली. बांगडी मागत होती.

१२

पट्टी आता माझ्या ट्रंकेत आहे, लग्नाच्या कपड्यांच्या खाली. मी बघत नाही. आता मुंगीकडेच बघते, ह्यांनी सांगितलं होतं तसं. ती धावते, पडते, गुडघे फोडून घेते, आणि मला आधी काही कळत नाही. खडा फोडून टाकावा असंही मनात येतं. पण आतले दिवस कुणाचे कुठे सांडतील कोण जाणे.

मॅडम गेल्या नाहीत. त्यांचं वर्ष संपलं, पेट्या गेल्या, त्यांच्या जागी दुसरे सर आले. मॅडमनी आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून, एक खोली घेतली. मुलांच्या शिकवण्या करतात. सासूबाईंचं आणि त्यांचं छान जमलंय. मुंगी त्यांना मावशी म्हणते, त्यांच्या गळ्याला लोंबकळते. माझ्याखेरीज तिला इतकं जपून कुणी घेत नाही.

पट्टीबद्दल त्यांनी एकदाही विचारलेलं नाही.

रोज सकाळी दूध आणायला जाताना त्या आमच्या दारात थांबतात. "उठली का गं?" एवढंच विचारतात.

मी म्हणते, "उठली."

त्या हसतात. मनापासून हसतात, मला ठाऊक आहे. पण माझं उत्तर ऐकल्यावर आणि त्यांचं हसू येण्याआधी, मधे एक क्षण असतो. मी रोज दारात उभी राहून तेवढा क्षण बघते.